डोंगळ्यांचे डाग

गाडीवर डाग पडला की माणसाला डागाच्या आधी शेजारी दिसतो, असं स्नेहल बच्छावचं म्हणणं आहे. नाशिकला म्हसरूळच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये इतकी वर्षं लोकांच्या गाड्यांचे रंग उजळून दिल्यावर एवढं म्हणायचा तिला हक्क आहे. गिऱ्हाईक गाडीतून उतरतं, बॉनेटकडे बोट दाखवतं आणि बोलायला लागतं ते भलत्याच गोष्टीबद्दल. वरच्या मजल्यावरची बाई किती खवचट आहे, भावकीतलं भांडण कसं अजून मिटलेलं नाही, पार्किंगवरून कोण काय बोललं होतं. स्नेहल सगळं ऐकून घेते. मग विचारते, "गाडी रात्री कुठे उभी असते? तिच्या डोक्यावर काय असतं? बाजूला काय असतं?"

उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. अंबडच्या एका सुपरवायझरच्या पांढऱ्या गाडीवर नाचणीएवढे तांबूस ठिपके उठले होते. मेहुण्याने ॲसिड शिंपडलं, असं त्याने ठरवून टाकलं होतं आणि मेहुण्याशी बोलणंही सोडलं होतं. स्नेहलने ठिपक्यांवरून बोटाचं पेर फिरवलं तर ते खरखरीत लागले. गाडी रोज ज्या भिंतीला लागायची, तिच्यापलीकडे लोखंडाचं ग्राइंडिंग चालायचं. उडालेला बारीक कीस रंगात रुतून बसला होता आणि गंजत होता. तिने गंज विरघळवणारं औषध मारलं, जांभळे ओघळ आले, गाडी स्वच्छ झाली. "आता मेहुण्याला फोन करा," ती म्हणाली. त्याने केला की नाही कोण जाणे. लोकांना डाग गेलेला चालतो, संशय गेलेला चालत नाही.

ती मूळची सटाण्याकडची. वडिलांची बेताची शेती, घरात अहिराणी. लग्न होऊन नाशकात आली. नवरा मयूर ओझरच्या कारखान्यात, आणि ही अंबडला एका रंगकामाच्या युनिटमध्ये तपासणीवर. ते युनिट बंद पडलं तेव्हा बाकीच्या बायका दुसरीकडे कामाला लागल्या, हिने शेड घेतलं. बाई गाड्या धुते म्हणून सुरुवातीला लोक हसले, मग गाड्या आणायला लागले. बोलायला तिखट आणि हाताला मऊ अशी तिची ख्याती आहे. शहरात आल्यावर तिने अहिराणी 'शे'चं 'आहे' केलं, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते शिकून घेतलं. पण शेतातले शब्द मात्र जसेच्या तसे राहिले. त्यांना शहरात दुसरे शब्द असतील, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नाही.

फेब्रुवारी सरता सरता गद्रेकाका आले. सुनील गद्रे म्हणजे शेडपासून हाकेच्या अंतरावर जी नवी रो-हाऊसची सोसायटी झाली आहे, तिचे चेअरमन. ठाण्याला आयुष्य गेलं, निवृत्त झाल्यावर हवा चांगली म्हणून नाशकात आले. माणूस वाईट नाही, पण चेअरमन झाल्यापासून त्यांना प्रत्येक गोष्टीत कटकारस्थान दिसायला लागलं होतं. त्यांच्या पांढऱ्या गाडीच्या टपावर, काचेवर, बॉनेटवर पिवळे ठिपके होते. धुवावेत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर, आणि एकट्या त्यांच्या नाही, भिंतीकडच्या अख्ख्या रांगेच्या गाड्यांवर.

"भागीबाईंची फवारणी, दुसरं काय!" गद्रेकाका म्हणाले. "भिंतीपलीकडे त्यांचा मळा. सोसायटी झाली तेव्हापासून त्यांचा आमच्यावर राग आहे. आम्ही तक्रार देणार आहोत. फक्त हे औषधाचे डाग आहेत, असं तुम्ही एकदा सांगा. तुमच्या शब्दाला वजन आहे."

भागीबाई काकड यांना स्नेहल चांगली ओळखत होती. सोसायट्यांच्या मधोमध उरलेला एवढासा मळा त्या एकटीच्या हिमतीवर कसत होत्या. मेथी, कोथिंबीर, दसरा-दिवाळीला झेंडू. सकाळी बाजाराला निघताना एक जुडी शेडच्या दारात टाकून जायच्या आणि पैसे विचारले तर रागवायच्या. स्नेहल त्यांना मावशी म्हणायची. म्हणून तिने आधी वाकून ठिपके नीट बघितले.

फवारणीचे थेंब बारीक, गोल आणि सगळीकडे सारखे पडतात, वाळले की कडेने पांढरट कड धरतात. हे तसे नव्हते. हे लांबट होते, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला शेपूट, आणि रंग हळदीचा. तिने बोट ओलं करून एक ठिपका चोळला तर बोटावर मेणचट पिवळी भुकटी आली. नाकाशी धरलं तर औषधाचा वास नाही. "गाडी ठेवून जा," ती म्हणाली. "उद्या सांगते." कोमट पाण्यात भिजवलेली फडकी तिने ठिपक्यांवर अंथरली. असल्या डागाला भिजवायचं असतं. घासलं तर रंगावर चरे उमटतात आणि डाग तिथेच हसत बसतो.

दुपारी ती सोसायटीच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. वर झाड नव्हतं, तारा नव्हत्या, पक्षीही नव्हते. ऊन होतं आणि कसलीशी गुणगुण होती. ती वर बघत असतानाच तिच्या पांढऱ्या ओढणीवर टपकन एक पिवळा थेंब पडला. तिला हसूच आलं. मधमाश्या! पोटभर पराग खाऊन उडालेली माशी पोळ्याबाहेर पडली की हवेतच पोट मोकळं करते. खाली कोणाची गाडी आहे, याची ती चौकशी करत नाही.

भिंतीपलीकडे भागीबाईंचा मळा पांढऱ्या फुलांनी भरला होता. निवडून ठेवलेला कांदा पुन्हा जमिनीत लावला की त्यातून पोकळ, उंच दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला बारीक फुलांचा चेंडू धरतो. त्यातूनच पुढे काळं बी मिळतं. या दांड्यांना नाशिककडचे शेतकरी डोंगळे म्हणतात. स्नेहल लहानपणापासून डोंगळ्यांच्या वाफ्यात वाढली होती. भिंतीच्या सावलीला, शेवग्याखाली, मधमाश्यांच्या लाकडी पेट्या मांडलेल्या होत्या.

"पिंपळगावच्या पेटीवाल्यानं आणून दिल्या," भागीबाई कौतुकाने म्हणाल्या. "माशी नाय तर बी नाय, पोरी. फुलं नुसती शोभेची. माशीसाठी मी फवारणी पार बंद केलीय. मावा पडला तरी पंपाला हात लावला नाय."

"इकडे तुमच्याच फवारणीच्या नावाने शंख चाललाय, मावशी."

"चालू दे. या वर्षी बी पदरात पडू दे फक्त. सासूच्या हातचं वाण हाय हे. कांद्याचं बी शिळं चालत नाय, दुसऱ्या साली उगवत नाय. एक वर्ष चुकलं की वाण गेलं."

हे ऐकून स्नेहल शेडमध्ये परत आली आणि बराच वेळ फोन हातात घेऊन बसली. मधमाशी म्हणायचं की नाही, हा प्रश्न होता. मागच्या उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीवर मोहोळ बसलं होतं, ते या लोकांनी जाळून टाकलं होतं. मधमाशी हा शब्द सोसायटीच्या ग्रुपवर पडायचा अवकाश, मुलांना चावतील म्हणून पेट्या उचलायला लावल्या असत्या. आणि फवारणी म्हणणं तर चोर सोडून संन्याशाला फाशी. खोटं बोलायचं नाही आणि खरं अर्धंच सांगायचं, असा तिने मध्यम मार्ग काढला. स्वतःच्या हुशारीवर ती थोडी खूशही झाली. गद्रेकाकांना तिने आवाजी मेसेज पाठवला.

"काका, डाग फवारणीचे नाहीत. डोंगळ्यांमुळे होतंय ते, भिंतीकडून. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, पुढे आपोआप थांबेल. उगाच कोणाला बोल लावू नका."

काका 'ओके, धन्यवाद' म्हणाले. तक्रार टळली. स्नेहलने निर्धास्तपणे दुसरी गाडी घेतली.

पुढच्या आठवड्यात गद्रेकाका पेढ्यांचा बॉक्स घेऊन शेडमध्ये आले. चेहरा नुसता उजळलेला. "स्नेहलताई, मानलं तुम्हाला! डोंगळे गेले, डाग गेले. तीन दिवस झाले, एका गाडीवर एक ठिपका नाही."

स्नेहलचा हात थांबला. "डोंगळे गेले म्हणजे? कापले?"

"कापायचे कशाला? मारले. तुमचा मेसेज आला तसा मी नेटवर शोधलं. मुंग्या-डोंगळ्यांच्या अंगात आम्ल असतं, ते रंग खातं. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं, भिंत वरपासून खालपर्यंत धुऊन काढली औषधाने. पलीकडच्या बाजूनेही, वरून नळी सोडून. मी म्हटलं, करायचं तर पक्कं करा."

ठाण्यात वाढलेल्या माणसाला डोंगळा म्हणजे काळा मोठा मुंगळा, दुसरं काय असणार? इतिहासात म्हणे एका अक्षराने माणूस मेला, ध चा मा झाला. इथे तर ध चा ध च राहिला होता, आणि तरी व्हायचं ते झालं. पेढ्याचा बॉक्स तिथेच टेबलावर टाकून स्नेहल मळ्याकडे पळाली.

शेवग्याखाली भागीबाई बसल्या होत्या. पुढ्यात सूप, आणि सुपात मेलेल्या माश्यांचा ढीग. पेट्या होत्या त्या जागी अजून माश्या पडलेल्या होत्या, त्या हाताने गोळा करत होत्या. पिंपळगावचा पेटीवाला आदल्या दिवशी येऊन सगळ्या पेट्या उचलून घेऊन गेला होता. इथे परत पेटी ठेवणार नाही, असं तोंडावर सांगून गेला होता. वाफ्यात फुलं तशीच पांढरी शुभ्र उभी होती. गुणगुण मात्र बंद झाली होती.

"कोण बया असं करंल?" भागीबाई म्हणाल्या. "मी कोणाचं काय घोडं मारलं?"

स्नेहलला खोटं बोलता आलं असतं. नळी सोडणारा दुसराच होता, सांगणारा गद्रे होता. पण ती खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. मेसेज काय पाठवला, मधमाशी हा शब्द का गाळला, गद्रेकाकांनी त्याचा काय अर्थ लावला.

"डोंगळेच म्हणलीस ना तू?" भागीबाईंनी विचारलं. "मग?"

"त्यांच्याकडे डोंगळे म्हणजे मुंगळे, मावशी."

भागीबाईंनी सूप उचललं आणि त्या उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी शेडच्या दारात जुडी पडली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. स्नेहलला त्या न पडलेल्या जुडीचं जितकं लागलं, तितकं आईने दिलेल्या शिव्यांचंही कधी लागलं नव्हतं.

ती गद्रेकाकांकडे गेली आणि त्यांच्या बैठकीत उभ्याउभ्याच फाडफाड बोलली. मुंग्यांचं आम्ल काढलं, नेट काढलं, भिंतीवरून सोडलेली नळी काढली. काका खाली मान घालून ऐकत होते. सगळं झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पण ताई, तुम्ही सरळ मधमाश्या असं का नाही म्हणालात?"

"म्हटलं असतं तर तुम्ही त्यांनाच मारलं असतं."

काकांनी नाही म्हटलं नाही. डाग गेल्याबद्दल ग्रुपवर अजून अंगठे येत होते, ते टेबलावरच्या फोनवर दिसत होते.

माशी नसली तर कांद्याच्या फुलावरून हात फिरवतात. मऊ सुती कापड हाताला गुंडाळायचं आणि फुलाच्या चेंडूवरून हलक्या हाताने फिरवत पुढच्या चेंडूवर जायचं. या फुलाचे कण त्या फुलाला लागले तर लागले. दव उतरलं की सुरू करायचं आणि ऊन चढेपर्यंत वाफ्यावाफ्यातून वाकून चालत राहायचं. भागीबाईंनी जुन्या लुगड्याचे तुकडे करून ते सुरू केलं. स्नेहल शेड उघडण्याआधी मळ्यात जाऊन दुसऱ्या टोकाने लागली. भागीबाईंनी तिला ये म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. दोघी एकमेकींच्या समोरून वाकून जायच्या, कंबर धरून सरळ व्हायच्या आणि पुढे निघायच्या.

काही दिवसांनी टोपी घातलेले गद्रेकाका बांधावर येऊन उभे राहिले. स्नेहलने एक फडकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते टेबल पुसायच्या जोराने फिरवलं. "दांडा मोडंल त्यांच्या हातनं," भागीबाई शेवग्याकडे बघत म्हणाल्या. मग स्नेहलने काकांना हात हलका कसा ठेवायचा ते दाखवलं. काका रोज यायला लागले. कंबर दुखते, असं एकदाही म्हणाले नाहीत, मात्र घरी जाताना एक हात कंबरेवर असायचा.

पण माणसाचा हात तो हातच. एका वाफ्याला माणसाची सकाळ संपायची. माशीला ते काम चुटकीसरशी जमतं आणि तिची कंबरही दुखत नाही. खालच्या वाफ्यांत फुलं सुकायला लागली होती, बी धरलं की नाही ते चिमटीत दाबून बघितलं की बहुतेक पोकळच लागायचं. वरच्या वाफ्यांत फुलं उशिरा उमललेली, अजून ताजी होती. त्यांच्यावर सगळी मदार होती. हे तिघांनाही कळत होतं.

स्नेहल रोज आपली पांढरी व्हॅन मुद्दाम बांधाला लावायची. परत निघताना टप बघायची, बॉनेट बघायची, काच बघायची. धूळ असायची, शेवग्याची पानं असायची, पिवळा ठिपका काही नसायचा. डाग शोधण्यात जिचं पोट, तिला इतकी स्वच्छ गाडी बघवत नव्हती. मयूर म्हणाला, "अगं, औषधाचा असर उतरू दे, मग रानातल्या माश्या येतील." ती म्हणाली, "आल्या तर." आणि भांडी जरा जास्तच जोरात घासली.

एके दिवशी सकाळी ती मळ्यात पोचली, तर गद्रेकाका आलेले नव्हते. थकले असतील असं तिला वाटलं, आणि तेवढ्यात त्यांचा फोन आला.

"स्नेहलताई!" काका ओरडत होते. "डाग! डाग आलेत हो गाडीवर! लांबट आहेत, शेपूटवाले. हळदीसारखे. मी हात लावलेला नाही. तुम्ही या लवकर!"

नातू झाल्याची बातमी द्यावी तसा आवाज होता. "मावशी," ती म्हणाली. एवढ्या दिवसांत तिने ही हाक मारली नव्हती. "मावशी, काकांच्या गाडीवर डाग पडलेत."

भागीबाईंनी लुगड्याचा तुकडा कमरेला खोचला. सोसायटी झाल्यापासून त्या गेटातून त्या कधी आत गेल्या नव्हत्या. भाजीसुद्धा गेटाबाहेरच द्यायच्या. आज चिखलाच्या पायांनी त्या सरळ आत शिरल्या. वॉचमन उठला, पण काकांनी त्याला हातानेच बसवलं. चार-दोन माणसं गॅलरीत येऊन बघायला लागली. गाडीच्या टपावर मोजून पाच-सहा ठिपके होते, आणि एक काचेवर, अजून ओला.

भागीबाईंनी त्या ओल्या ठिपक्याला बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं आणि उन्हात धरून बघितलं. मग वर बघितलं. डोक्यावरून एक बारीक माशी गेली, तिच्यामागून दुसरी, दोन्ही भिंत ओलांडून मळ्याकडे. कुठल्या झाडावरच्या होत्या देव जाणे, कोणी आणून ठेवलेल्या नव्हत्या.

"माशीच हाय," भागीबाई म्हणाल्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला. "वरचे वाफे हायेत अजून. लय नाय, पण वाणापुरतं बी होईल. स्नेहल, होईल ना गं?"

"होईल, मावशी."

गद्रेकाका गाडीपाशी फडकं घेऊन अवघडून उभे होते. पुसलं तर काही बिघडेल की काय, अशी त्यांना धास्ती वाटत होती. "भागीबाई, हे... हे असंच राहू देऊ का?"

"राहू कशाला द्यायचं? पुसा की," भागीबाई म्हणाल्या. "उद्या परत पडतील."